अर्जावरचा पत्ता

मुंगी शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा आईने तिला हाताला धरून नवऱ्याच्या घरातून पळवलं, आणि त्या दिवसापासून दोघींच्या संसाराचा एकच नियम ठरला: पत्ता कोणाला सांगायचा नाही. शाळेत बाईंनी विचारला तर ‘आई सांगेल’ म्हणायचं. मैत्रिणीने विचारला तर ‘तिकडे, पुलापलीकडे’ म्हणून हात हवेत फिरवायचा. भाड्याची घरं बदलत गेली, नियम बदलला नाही.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगाने बारीक आणि सतत काही ना काही उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. आता केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम ती कित्येक वर्षं करत होती, पण घरात आणि दुकानात ती मुंगीच.

बापाचा चेहरा तिला आठवत नव्हता. आठवायचे त्याचे बूट. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. चारचौघांत तर इतका मऊ बोलायचा की बायका आईला म्हणायच्या, नशीब काढलंस. घरी आला की दार आतून लावायचा, बूट काढून पुसून जागेवर ठेवायचा, मग घसा खाकरायचा. त्यानंतर काय होणार हे मुंगीला कळायचं आणि ती पलंगाखाली जाऊन त्या चकचकीत बुटांकडे बघत राहायची.

अशा माणसाच्या नावाशी पुन्हा संबंध यावा असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण सरकारने कायदा बदलला. मुंगीचा जन्म सरहद्दीपलीकडचा. बाप इकडचाच, पण तरुणपणी कामाला तिकडे गेला, तिथे लग्न केलं, मुंगी झाली आणि मग बायकोपोरीला घेऊन परतला. त्यामुळे मायलेकी इतकी वर्षं दर वर्षी नवा होणाऱ्या परवान्यावर राहत होत्या. आता परवाने बंद होणार होते. ज्यांचा बाप किंवा आजोबा या देशात जन्मला असेल त्यांनी तसं सिद्ध करून नागरिकत्व घ्यावं, बाकीच्यांनी वर्षअखेरीला आपापला रस्ता धरावा. आईचं म्हणणं, आपण सरहद्दीपलीकडे जाऊ. पण तिकडे कोणाकडे जाणार होत्या? आईचं माणूस म्हणून तिकडे कोणी उरलं नव्हतं, आणि मुंगीला तिकडची अक्षरंसुद्धा वाचता येत नव्हती.

म्हणून एका सकाळी, आईला न सांगता, मुंगी नोंदणी कचेरीत गेली.

खिडकीवरच्या बाईंना सर्दी झालेली होती आणि त्या एका हाताने रुमाल, एका हाताने शिक्का असा कारभार चालवत होत्या. बाई तोंडाच्या फटकळ, पण मनाच्या वाईट नव्हत्या. मुंगीकडे स्वतःचा जन्मदाखला होता. पळताना आईने तेवढा एक कागद घेतला होता. त्यावर बापाचं नाव होतं. आता हवा होता तो बापाचा जन्मदाखला. तो नसेल तर नक्कल मागायची. बाईंनी फॉर्म पुढे सरकवला, मुंगीने भरला. पत्त्याच्या रकान्याशी तिचा हात अडखळला. पण सरकारी कचेरीत खोटा पत्ता देणार कसा? तिने खरा लिहिला.

बाईंनी शिक्का मारला, कागद नोंदीला आत पाठवला, तासाभराने तिला पुन्हा बोलावलं आणि नाक पुसत सांगितलं की माणूस हयात आहे, तेव्हा त्याला सूचना जाईल.

“कसली सूचना?”

“तुमच्या दाखल्याची नक्कल अमुक अमुक व्यक्तीने मागितली आहे, अशी. नाव, पत्ता, सगळं असतं त्यात. नियमच आहे तसा.”

 मुंगीने अर्ज परत मागितला. बाई म्हणाल्या की अर्ज मागे घेता येईल, पण नोंद झाली की सूचना आपोआप छापली जाते, आणि ती टपालाची गाडी बघा, आत्ताच फाटकातून बाहेर पडली. मुंगीने वळून पाहिलं. फाटक शिपाई बंद करत होता.

त्या दिवसापासून मुंगी जीव मुठीत धरून जगायला लागली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण तिच्या पाठीमागचा ब्रह्मराक्षस कसा दिसतो हेच तिला ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा आईच्या वळणाचा. तो तिला ओळखेल. ती त्याला कशी ओळखणार? रस्त्यात समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाकडे न बघता ती आधी बुटांकडे बघू लागली. कामावरून घरी जाताना उगीचच दोन गल्ल्या जास्त फिरायची, बसमधून एक थांबा आधी उतरायची. घराच्या दाराला तिने नवी कडी बसवून घेतली. आईने विचारलं तर म्हणाली, चोऱ्या वाढल्यात.

दुकानात तर रोजचीच परीक्षा. चष्मा करायला येणाऱ्यांत म्हातारेच जास्त. गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं तर त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन, नाकावर पट्टी धरून उभं राहावं लागतं. एकदा एक नीटनेटके गृहस्थ आले. पट्टी धरलेली असताना त्यांनी सहज विचारलं, “तुम्ही इथेच राहता का जवळपास?” मुंगीच्या हातातून पट्टी पडली. ती उचलायला वाकली तर समोर काळे, लखलखीत बूट. तिला उठताच येईना. शेवटी मालक धावत आले. हे मालक स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून दुकानभर शोधणारे, पण माणसाची पारख पक्की. त्यांनी तिला पाणी दिलं आणि गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवलं. ते बिचारे पोस्टातून निवृत्त झालेले, बायकोसाठी जवळचा दवाखाना शोधत होते. मालकांनी मुंगीला मागच्या खोलीत नेऊन दटावूनच विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. आईच्या आधी तिने ते परक्या माणसाला सांगितलं, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

कारण आईला कळलं ते कडीवरून. आईने इतक्या घरांच्या दारांना इतक्या कड्या बसवल्या होत्या की कोणती कडी चोरासाठी आणि कोणती नवऱ्यासाठी हे ती आवाजावरून सांगू शकली असती. तिने मुंगीला समोर बसवलं आणि फक्त एवढंच विचारलं, “त्याला कळलंय का?”

मुंगीने मान डोलावली. आई रागावली नाही, रडली नाही. उठून तिने कपाटावरची पिशवी काढली आणि कपडे भरायला लागली. गुडघे धरून उठणारी, जिना चढताना चार वेळा थांबणारी आई. पण कपड्यांच्या घड्या घालताना तिचे हात तरण्या बाईसारखे चालत होते. मुंगीला ते बघवेना. तिने आईचे हात धरले, आणि मग आई बोलली. पळाल्या त्या दिवशी दार उघडून देणारी मुंगीची आत्या होती. भावाची किल्ली तिने काढून दिली, दोघींना बसमध्ये बसवलं आणि परत त्याच घरात गेली, कारण तिला दुसरं घर नव्हतं. आजही ती तिथेच असेल. “माझं काय व्हायचं ते होईल,” आई म्हणाली, “पण आपण पळालो कसं हे त्याला अजून माहीत नाही. आपण सापडलो की तो ते आधी विचारून घेईल.”

आत्याचं काय होईल, हे मुंगीच्या डोक्यातच आलं नव्हतं. 

घर सोडायचं ठरलं, पण परवाना संपत आलेल्या बायकांना नवीन घर कोण देणार? खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीला त्यांनी इतकंच सांगितलं की कोणी पुरुष विचारत आला तर आम्ही इथे राहत नाही. घरमालकीण एरवी बोलघेवडी. पण त्या दोघींचे चेहरे बघून तिने पुढचा प्रश्न विचारला नाही.

रविवारी दुपारी दार वाजलं.

आई भाजी चिरत होती. सुरी हातातच राहिली. मुंगी दाराला कान लावून उभी राहिली. पुन्हा टकटक. मग दारापलीकडून बाईचा आवाज आला, दमलेला, थोडा चिडलेला. “मुंगे, उघड. जिना चढून माझा जीव जायची वेळ आली.”

आईच्या तोंडून शब्द बाहेर पडला, “वन्सं.”

दारात आत्या उभी होती. हातात एक बॅग, पायात दोन वेगवेगळ्या चपला. आत येऊन तिने आधी स्वतःच दाराला कडी घातली, मग भावजयीला मिठी मारली.  पाणी प्यायल्यावर तिने सांगितलं. घरातलं टपाल तीच घेत असे. सरकारी लिफाफा दिसला, त्यावर कचेरीचा शिक्का होता, तो तिने उघडला आणि वाचून चुलीत घातला. पोचपावतीवर त्याची सही होऊन परत गेली नाही तर सूचना महिन्याने पुन्हा येते, असं त्यातच लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी आपण दाराशी असूच असं नाही. म्हणून आज तो बाहेर गेल्यावर ती निघाली. आईबापांच्या ट्रंकेत दोघा भावंडांचे दाखले एकाच पाकिटात होते. “मी माझं पाकीट घेतलं,” ती म्हणाली. “त्यात त्याचाही कागद आहे, त्याला मी काय करू?”

मुंगीच्या मनात पहिल्यांदा जरा उजेड पडला. मूळ दाखलाच हातात आला तर नक्कल नको, सूचनाही नको.

“दाखला देऊन तू परत जाणार?” आईने विचारलं.

“कुठे, वहिनी?” आत्या आपल्या पायांकडे बघत म्हणाली. “चपला बघ ना माझ्या. परत जायचं असतं तर जोडीच्या घातल्या असत्या.”

दुसऱ्या दिवशी आईला घरमालकिणीकडे बसवून मुंगी आणि आत्या कचेरीत गेल्या. रांग दारापर्यंत आलेली. दोघी हळूहळू पुढे सरकत होत्या, आणि खिडकी अगदी हाकेच्या अंतरावर आली तेव्हा आत्याने मुंगीचं मनगट धरलं. नखं रुतली.

“दादा,” ती पुटपुटली. “फाटकाशी. राखाडी कोट.”

पोस्टमनने त्याला लिफाफ्याबद्दल सांगितलं असणार. बहीण आणि पाकीट दोन्ही गायब, तेव्हा दोन आणि दोन चार करायला त्याला वेळ लागला नसणार. मुंगीने आत्याच्या हातातलं पाकीट घेतलं आणि तिला बायकांच्या स्वच्छतागृहाकडे ढकललं. स्वतः ती हलली नाही. रांग सोडली असती तर परत दारापासून सुरुवात, आणि उद्या तो पुन्हा इथे असता. तिची पाचावर धारण बसली होती, पण पाय होते तिथेच राहिले. धैर्याने की भीतीने, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

तो सरळ तिच्याकडेच आला. उंच, सरळ पाठीचा, दाढी घोटलेला म्हातारा. लोक आपोआप बाजूला होत होते. त्याने घसा खाकरला. त्या आवाजासरशी मुंगीची नजर त्याच्या बुटांकडे गेली.

“ताई, जरा सांगता का,” तो इतक्या अदबीने म्हणाला की मागची बाई त्याच्याकडे बघून हसली. “टपालाने आलेल्या सूचनेची चौकशी कुठे करायची?”

पोटच्या पोरीला तो ताई म्हणत होता. मुंगीने वर बघितलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायची तिला सवय होती. तसंच तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि सांगितलं की चौकशी वरच्या मजल्यावर. खरंच तसं होतं. तो आभार मानून वळला. मग थांबला.

“आपण कुठे भेटलोय का? चेहरा ओळखीचा वाटतो.”

“चष्म्याच्या दुकानात असते मी,” मुंगीच्या तोंडून निघून गेलं. “बरेच लोक येतात.”

“असेल,” तो म्हणाला आणि जिन्याकडे गेला. त्याची पाठ दिसेनाशी झाल्यावर मुंगीला कळलं की आपण काय केलं. इतकी वर्षं तोंडाला कुलूप, आणि नेमकं त्याच्यापुढे हात दाखवून अवलक्षण.

नंबर आला. मुंगीने मूळ दाखला पुढे केला. तेवढ्यात आत्या भिंतीला धरून येऊन उभी राहिली. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, हा कागद तुमच्याकडे कसा? आत्या म्हणाली, “माझ्या आईने ठेवलेला. हा माझा सख्खा भाऊ, ही त्याची मुलगी, आणि तो आत्ता वर गेलाय.” बाईंनी आत्याकडे पाहिलं, जिन्याकडे लागलेल्या मुंगीच्या नजरेकडे पाहिलं.  दाखला ताडून पाहिला, शिक्का मारला, नकलेचा जुना अर्ज रद्द केला. मग त्यांनी खिडकीशेजारची लाकडी फळी उचलली आणि मानेने आत यायची खूण केली. कपाटांच्या मधून, चहाच्या स्टोव्हजवळून, मागच्या दाराने त्या दोघींना रस्त्यावर सोडून बाई म्हणाल्या, “वरच्यांना रजिस्टर दाखवावं लागेल, मी थांबवू शकत नाही. जुन्या अर्जावरचा पत्ता त्यात आहे. आज त्या घरात राहू नका.”

त्या राहिल्या नाहीत. दुपारच्या आत मालकांनी आपल्या विधवा बहिणीच्या घरी, गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यांची सोय केली. आईची पिशवी भरलेलीच होती. संध्याकाळी बाप जुन्या घरी आला. घरमालकिणीने नंतर सांगितलं की माणूस किती सभ्य, किती दुःखी. बहिणीचं डोकं फिरलंय आणि ती घर सोडून गेलीय म्हणून डोळे पुसत होता. “मला क्षणभर वाटलंच की सांगावं,” ती म्हणाली. “मग त्याने माझ्या नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरगं आक्रसून मागे सरकलं. मी दार लावून घेतलं.”

नागरिकत्वाचा निर्णय यायला वेळ होता. मुंगी आता दुकानात पुढे येतच नसे. मागच्या खोलीत चाकाशी बसून काचा घासायची. तिथे पाण्याचा आणि चाकाचा आवाज इतका की बाहेरचं काही कानावर येत नाही. म्हणून त्या दिवशी घसा खाकरल्याचा आवाज तिने ऐकला की तिला तसं वाटलं, हे नक्की नाही. पण तिने चाक थांबवलं नाही. चाक थांबलं तर आत कोणीतरी आहे हे कळलं असतं. हातातली काच घासून घासून बिनकामाची झाली, बोटाचं कातडं सोललं, पाण्यात लाल उतरलं, तरी ती तशीच बसून राहिली. पडद्यापलीकडे मालक कोणालातरी सांगत होते की आमच्याकडे बाईमाणूस कामाला नाही, आत मशीन आहे ते आपोआप चालतं. पाहिजे तर समोरच्या गल्लीत विचारा. मालक एरवी खोटं बोलताना कान खाजवायचे आणि पकडले जायचे. त्या दिवशी ते कसे निभावले कोण जाणे. गिऱ्हाईक गेल्यावर ते आत आले, खुर्चीत बसले आणि कपाळावरचा चष्मा काढून हातात धरून राहिले. तेही घामाने भिजले होते.

मग निर्णय आला. कागद जाडसर होता, त्यावर उठावाचा शिक्का होता, आणि मुंगीच्या नावाच्या मध्ये बापाचं नाव होतं. खिडकीवरच्या बाईंना तिने विचारलं, ते काढता येईल का. बाई म्हणाल्या, त्याच्याच आधारावर तर मिळालंय. मुलीच्या आधाराने आईलाही आता इथे राहता येणार होतं. आईने कागद हातात घेतला, उलटा करून ठेवला आणि आत जाऊन झोपली. भरदुपारी झोपलेली आई मुंगीने कधी पाहिली नव्हती. ती उठवायला गेली तर आत्या म्हणाली, झोपू दे.

पण एक काम बाकी होतं. इतकी वर्षं मायलेकी पोलीस चौकीची पायरी चढल्या नव्हत्या, कारण तिथे आधी परवाना मागतात आणि परवान्याच्या मागोमाग नवऱ्याला बोलावतात. आता परवान्याची गरज नव्हती. तूही चल, असं मुंगीने आईला म्हणून पाहिलं. आई नाही म्हणाली. तिची हिंमत तिथवर नव्हती, आणि मुंगीने आग्रह केला नाही. ती आणि आत्याच गेल्या.

चौकीत एक पंखा खडखडत होता. टेबलामागच्या अधिकाऱ्याने कागद पाहिला, परत दिला, आणि बसा म्हणाला. मुंगी खुर्चीच्या कडेवर बसली. दाराकडे पाठ करून बसायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने खुर्ची थोडी तिरकी केली. आत्याने थोडक्यात काय ते सांगितलं तेव्हा अधिकाऱ्याने विचारलं की हे सगळं इतकं जुनं आहे, तर इतकी वर्षं का नाही आलात?

मुंगीने आत्याकडे पाहिलं. 

“आता आलोय ना,” आत्या म्हणाली. “लिहा.”

त्याने पेन उघडलं. मुंगीने सुरुवात केली ती बुटांपासून. आवाज इतका बारीक निघाला की अधिकारी पुढे झुकला आणि त्याने पंखा बंद करायला सांगितला. पंखा हळूहळू थांबला. बाहेरच्या व्हरांड्यात कोणाची तरी पावलं वाजत होती, जवळ येत होती. मुंगी थांबली, कान देऊन ऐकत राहिली, पावलं दारावरून पुढे गेली, आणि मग ती पुढचं सांगू लागली.